चंपत रंगाऱ्याची पाखरं

नागपुरात कोष्टीपुऱ्यामागे एक तलाव होता आणि त्या तलावाच्या पाळीला लागून चंपत रंगाऱ्याचं घर होतं. घर कसलं, ओळीने चुली, चुलींवर माठ, आणि उरलेल्या जागेत माणसं. अंगणात दोऱ्या बांधलेल्या असत आणि त्यांवर ओल्या सुताच्या लड्या टपटपत असत. खालची माती कधी लाल, कधी निळी. कोंबड्यांचे पाय बघून शेजारच्यांना कळायचं, आज चंपतकडे कोणता माठ लागलाय ते.

चंपतचा बाप दादाजी. या दादाजीचा लाल रंग असा होता, की लुगडं फाटायचं, त्याची गोधडी व्हायची, गोधडीचं पायपुसणं व्हायचं, पण लाल तो लालच राहायचा. आल नावाच्या झाडाची मुळं कुटून तो रंग काढत. मुळं उकळली आणि सूत बुडवलं इतकं सोपं ते काम नव्हतं. आधी सूत एरंडीच्या तेलात आणि शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात मळायचं, वाळवायचं, पुन्हा मळायचं. मग हिरडा, मग तुरटी, आणि मग कुठे आलीची पाळी. घरभर असा वास सुटे की आलेला पाहुणा जेवायला थांबत नसे. पण कोष्टीपुऱ्यातल्या बायका नुसतं ‘लाल’ म्हणत नसत, ‘दादाजीचा लाल’ म्हणत. दादाजी मेला तरी म्हणत. चंपतला ते ऐकून छाती फुगल्यासारखं वाटे आणि बापाचा बारीकसा हेवाही वाटे. त्याला जन्मात एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी एकदा ‘चंपतचा लाल’ म्हणावं.

म्हणून तर इतवारीच्या बाजारात विलायती रंगाचे डबे आले, तेव्हा रंगारी आळीतला पहिला डबा चंपतने आणला. डब्यावर परीचं चित्र आणि आत भुकटी. चिमूटभर पाण्यात टाकली की माठ पेटल्यासारखा दिसे. ना तेल, ना लेंड्या, ना हिरडा. सकाळी सूत बुडवावं आणि दुपारी नेऊन द्यावं. मुळं कुटायचं बापाचं दगडी उखळ त्याने अंगणात पालथं घातलं आणि त्याच्यावर बसून तो बिड्या ओढायला लागला.

त्याची बायको जयवंता खाप्याची, कन्हान नदीच्या काठची. या बाईने आयुष्यात कुणाची खोटी तारीफ केली नाही. भाजी अळणी झाली तर ती स्वतःच्याच भाजीला नावं ठेवायची आणि वर दुसऱ्याला वाढायची. डब्याचा रंग बघून ती म्हणाली, “दिसाले त झ्याक दिसते. पण परी कोणाच्या घरी टिकते काय जी?”

परी टिकली नाही. कोष्ट्यांचे म्होरके महादेवराव, त्यांच्या मुलीच्या लग्नाचं लुगडं याच रंगातलं. वैशाखातलं लग्न, मांडवात माणूस घामाने निथळत होता, आणि नवरा-नवरी पाटाला पाट लावून बसलेली, नवरीच्या पदराचं टोक नवरदेवाखाली दबलेलं. सप्तपदीला नवरदेव उठला तो मागून गुलाबी! पांढरंशुभ्र धोतर, आणि बसायच्या जागी हा एवढा गुलाबी पट्टा. वऱ्हाडी आधी कुजबुजले आणि मग मोकळेपणी हसले. महादेवरावांनी चंपतला एक शब्द बोलून दाखवला नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून सूत पाठवणं बंद केलं. मग बाकीच्यांनीही केलं. गावात आता ‘चंपतचा गुलाबी’ असं लोक म्हणायला लागले, आणि ते म्हणताना काय हसत!

१९११च्या दिल्लीदरबारानंतरचा फाल्गुन होता. आदल्या साली पाऊस ओढ देऊन गेला होता. तलाव आटून मधोमध चिखलाची बेटं उघडी पडली होती आणि पाणी कुठेही मांडीच्या वर नव्हतं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चंपत माठ विसळायला घाटावर गेला आणि तिथेच थबकला. समोर पाण्यात बगळ्यांचा थवा उभा होता, आणि बगळे गुलाबी होते.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, पोट्ट्यांनी धुळवड खेळताना बगळ्यांवरही रंग उडवला. लोक पाळीवर जमले, हसले, पोट्ट्यांना शाबासकी मिळाली. मग कुणीतरी म्हणालं, बगळे एवढे उंच कधीपासून झाले? दुसरा म्हणाला, चोच बघा, मधेच मोडून खाली वळलेली. पाय तर काठ्यांसारखे, काठ्यांहूनही लांब. ते पाखरू डोकं उलटं करून पाण्यात घाली आणि चालता चालता चिखल गाळून काढी. असला बगळा कुणी बघितला नव्हता. पण लांब मान, उंच पाय, पाण्यात उभं, मग बगळा नाही तर काय म्हणायचं? आणि दोन दिवस झाले, तीन झाले, धुळवडीचा रंग माणसांच्या कानांमागूनही गेला, तरी यांचा जाईना.

तेव्हा सगळ्यांच्या माना हळूहळू चंपतच्या घराकडे वळल्या. सगळे माठ याच घाटावर रिकामे होत होते. आणि चंपतने नीट बघितलं तर रंगही ओळखीचाच निघाला. महादेवरावांच्या जावयाच्या धोतराचा, डिट्टो तोच.

दूधवाला रामाजी आधी आला. त्याच्या म्हशी याच तलावात डुंबायच्या. तो अंगणात उभा राहून ओरडायला लागला, “चंपत्या, काय टाकून राहिला गा तू पाण्यात? बगळ्याची चोच वाकडी झाली, पाय ताणून लांब झाले. उद्या माह्या म्हशीचं थोबाड वाकडं झालं त मी दूध कोठून काढू?”

“दूध थोबाडातून काढतो काय रे रामाजी?” जयवंता आतून म्हणाली.

“हसू नोको वं! दुधाले गुलाबी झाक येऊन राहिली. गिऱ्हाइकं विचारून राहिले मले.”

रामाजीच्या दुधात पाण्याशिवाय दुसरी कसली झाक कधी कुणी बघितली नव्हती, पण आता आळीतल्या प्रत्येकाला गुलाबी काहीतरी दिसायला लागलं. कुणाचा भात, कुणाच्या पोराची जीभ. घाट बंद करा, चंपतला माठ विसळू देऊ नका, अशी बोलणी सुरू झाली.

चंपत ऐकत होता, पण त्याचं डोकं भलतीकडेच फिरत होतं. काठावर त्याला एक पीस सापडलं होतं, फिक्कं गुलाबी. कोष्टी सूत पारखतात तसं त्याने ते रिठ्याच्या पाण्यात चोळलं, पांढऱ्या कापडात गुंडाळून मुठीत दाबून धरलं आणि मूठ उघडली. कापड कोरं! त्याने पुन्हा चोळलं, पुन्हा दाबलं. कोरं!  मग त्याने तलावावरच्या खऱ्या पांढऱ्या बगळ्याचं एक पीस उचललं, परीच्या डब्यात बुडवलं, वाळवलं आणि धुतलं. तेही गेलं नाही. सुतावरून धावत सुटणारा रंग पिसावर चिकटून बसला होता.

“आता बोल,” तो बायकोला म्हणाला.

जयवंताने दोन्ही पिसं उन्हात धरून बघितली. “पिसावर बसते, हे खरं,” ती म्हणाली. “मंग तुमी रंगारी कोणाचे? मानसायचे का पाखरायचे?”

चंपतने ते कानाआड केलं. त्याच्या मनाने एवढंच घेतलं, की रंग पक्का आहे, सुतात काहीतरी कमी पडतंय. पाखरं चिखलात उभी असतात, म्हणजे चिखल. त्याने पाखरांच्या पायांखालचा चिखल घमेल्याने आणला, त्यात सूत मळलं, मग माठात बुडवलं. सूत निघालं विटकरी आणि धुतल्यावर झालं मेलेलं जांभळं. मग त्याला वाटलं, ऊब. पाखरू जिवंत असतं, त्याच्या अंगाला ऊब असते. त्याने ओली लडी पोटाला बांधली आणि दिवसभर सदऱ्याखाली घेऊन हिंडला. संध्याकाळी लडी धुतली, रंग गेला. पोट धुतलं, रंग जाईना. राखेने घासलं तरी जाईना. गुलाबी पोटाकडे बघून जयवंताला हसावं की रडावं कळेना, आणि चंपतला तर काहीच कळेना.

त्याच सुमारास महादेवराव स्वतः चालत आले. लग्नानंतर त्यांचे पाय या अंगणाला लागले नव्हते. चंपतने घाईने उखळावरून उठून जागा दिली.

“चंपत, पाखरावर टिकते त सुतावर काहून नाही टिकत?” महादेवराव म्हणाले. “तू हातचं राखून राहिला गा. काही गोष्ट तुले सापडली हाय. ऐतवारी मारुतीच्या पारावर बसू. हा रंग तुहा हाय असं सर्वायसमोर सांग. मंग कोष्टीपुऱ्याचं सारं लाल सूत तुह्याकडे.”

ते गेले आणि चंपत खाली मातीतच बसला. हो म्हटलं, तर सूत येतं पण पाणी जातं. रामाजी आणि आळी घाट बंद करायला टपूनच बसलेली. नाही म्हटलं, तर पाणी राहतं पण सूत जातं. रंगाऱ्याला दोन्ही लागतात. पण खरं सांगायचं तर, पाण्याची त्याला तेवढी फिकीर नव्हती. घाट गेला तर तो कन्हानवरून पाणी आणायला तयार होता. पारावर उभं राहून, चारचौघांत, ‘हा लाल चंपतचा’ म्हणायचं, या एका विचाराने त्याला झोप लागत नव्हती.

ऐतवारी सकाळी कामठीहून मुनियम्मा आली. कामठीच्या छावणीत मद्रासी पलटणीतल्या माणसांची घरं होती. पलटण गेली, काही घरं मागे राहिली, त्यातलंच एक हिचं. नवरा कधीच वारला होता. वर्षातून एकदा ती जुनी लुगडी रंगवून घ्यायला नागपूरला येत असे. बोचकं काखेत घेऊन ती पाळीवर चढली, तलावाकडे बघितलं आणि बोचकं तिच्या हातून सुटलं.

“पूनारै!” ती आपल्या बोलीतलं त्या पाखरांचं नाव घेत ओरडली आणि तिथेच फतकल मारून बसली. डोळ्यांना पाणी लागलेलं, आणि तोंडावर हसू. “चंपतभाऊ, ये इधर कैसा आया? ये हमारे मुलूक का पाखरू. समुंदर का बाजू, खारा पानी. मेरा बाप का घर के सामने खडा रहता था!”

चंपत गोंधळला. “बाई, यायले मी रंगवलं,” तो म्हणाला. ते म्हणतानाच त्याला आपला आवाज पोकळ वाटला.

मुनियम्मा इतकी हसली, की तिला ठसका लागला. “तू रंगवलं? अरे, पैदा होता तो राख के माफिक होता. खा खा के, बरसों में लाल होता. इधर तो फिका दिखता. हमारे उधर देख, कितना लाल!”

“मंग इकडे काहून आले?”

“मैं काहून आई?” ती म्हणाली. “मेरे को कोई पूछा क्या?”

चंपतने कनवटीची दोन्ही पिसं काढून तिच्यापुढे धरली, एक पाखराचं आणि एक आपल्या माठातलं. तिने त्यांच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. “उडेगा तब देख,” ती म्हणाली. “बगल में देख.”

दुपारी तलावालगतचा मारुतीचा पार भरला. महादेवराव, कोष्टी, रंगारी, रामाजी, आणि काम नसलेले सगळे. मुनियम्मा पाळीवरून हलली नव्हती. तिला बैठकीशी कर्तव्य नव्हतं, ती पाखरांकडे बघत होती. चंपतला उभं केलं. त्याच्या मनात मुनियम्माचं बोलणं घोळत होतं आणि त्याचा त्याला रागही येत होता. परक्या मुलखातल्या बाईचं काय ऐकायचं? पीस मी धुतलंय, पोट माझं गुलाबी झालंय. त्याने ठरवलं होतं, हो म्हणायचं.

“सांग गा चंपत,” महादेवराव म्हणाले. “हा रंग तुहा हाय का नाही?”

चंपतने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात रामाजीच्या म्हशी उन्हाला कंटाळून पाण्यात शिरल्या. पाखरं पाण्यावरून पळायला लागली, पळता पळता उचलली गेली आणि सगळा थवा पाराच्या डोक्यावरून गेला. सगळ्यांनी माना वर केल्या.

मिटलेल्या पंखांत जो दिसत नव्हता तो रंग आता उघडा पडला होता. पंखांच्या आतल्या अंगाला लाल, असा लाल की चंपतच्या बापाच्या माठातही तो कधी नव्हता, आणि त्याला काळीभोर किनार. लोक ‘आहाहा’ म्हणाले. चंपत त्या पंखांकडेच बघत राहिला. सूत माठात बुडवलं की बाहेरचा पदर आधी रंग घेतो आणि पिळाच्या आत, गाठीखाली पांढुरकं राहतं, हे त्याला चालायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं. इथे उलटं होतं. जिथे पाणी पोचत नाही, तिथेच रंग सगळ्यात गडद. हा बाहेरून चढवलेला रंग नव्हता, आतून आलेला होता. आणि काळा रंग तर त्याच्या घरात त्या साली लागलाच नव्हता.

त्याला रडू आलं. खरोखर आलं, भरल्या पारावर.

“माहा नाही,” तो म्हणाला. “हा रंग माहा नाही. मी नाही रंगवले ते.”

पाखरांनी तलावाला एक वळसा घातला आणि ती पारशिवनीच्या दिशेने निघाली, म्हणजे आणखी उत्तरेला. पाळीवर मुनियम्मा उठून उभी राहिली आणि दोन्ही हात हलवत ओरडायला लागली, “अरे, उधर नहीं! उधर नहीं! घर इधर है!” पाखरांनी ऐकलं नाही. पाखरं दिसेनाशी झाली तरी मुनियम्मा बराच वेळ दक्षिणेकडे हात करून उभी होती.

आता एवढं खरं बोलल्यावर काहीतरी निकाल लागायला हवा होता. पण चंपतच्या बोलण्यावर एकट्या रामाजीने विश्वास ठेवला, कारण त्याला दूध विकायचं होतं. “बगळे याचे नव्हते, दूध चोख हाय,” असं तो दारोदार सांगत फिरला आणि घाट बंद करायची गोष्ट तोच विसरला. कोष्ट्यांनी मात्र चंपतचं म्हणणं साफ उडवून लावलं. कुठल्या देवाने पाखरं रंगवून सोडली म्हणे? लबाड आहे लेकाचा. डोळ्यांत पाणी आणून कृती लपवतो. बापाचा बेटा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात सुताच्या लड्यांचा ढीग येऊन पडला.

“मी नाही म्हटलं ना!” चंपत महादेवरावांच्या दारात जाऊन म्हणाला.

“हो हो, म्हटलं,” महादेवराव डोळा मारून म्हणाले. “पण तोच रंग दे.”

तो रंग कुठून द्यायचा? परीच्या डब्याला हात लावायची त्याला भीती बसली होती. जयवंताने भावाला खाप्याला निरोप धाडला. तिच्या माहेरी बांधावर आलीची झाडं अजून होती. मुळांची गाडी आली. दोघांनी मिळून उखळ सरळ केलं. मग एरंडीचं तेल आलं, शेळीच्या लेंड्या आल्या, आणि घराला पुन्हा तो वास सुटला. काम रेंगाळलं, पण पाखरांचा रंग म्हटल्यावर कोष्टी थांबायला तयार होते. लुगडी विणली, नेसली, धुतली. रंग हलला नाही.

म्हाताऱ्या बायकांनी ओळखलं आणि म्हणाल्या, हा तर दादाजीचा लाल. तरण्या बायका म्हणाल्या, नाही, हा पाखराचा लाल. चंपतचा लाल कुणीच म्हणालं नाही. आणि तो जन्मभर ज्याला त्याला अडवून सांगत राहिला, की पाखरं माझी नव्हती. लोक मान डोलवत आणि पुढे जाऊन हसत. महादेवरावांची नातवंडंसुद्धा त्याला बघितलं की ‘बगळेवाले आजोबा’ म्हणून हाक मारत.

पुढे आलीची झाडंही संपली. मिलचं रंगीत सूत आलं, पोरगा मिलमध्ये लागला, आणि उखळ पुन्हा पालथं झालं. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा चंपत त्याच्यावर ऊन खात बसलेला असायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. महादेवराव गेले होते, रामाजी गेला होता, मुनियम्माचं येणं कधी थांबलं तेही कुणाला आठवत नव्हतं.

एके दिवशी सकाळी जयवंता त्याच्या शेजारी सुपात तांदूळ निवडत होती. समोर तलावात बगळे उतरले होते, नेहमीचे, पांढरे. चंपतने डोळे बारीक करून बराच वेळ तिकडे बघितलं. त्याला काय दिसलं कोण जाणे.

“जयवंता,” तो म्हणाला, “ते पाखरं माह्येच होते ना वं?”

तिचा हात सुपात थांबला. ज्या बाईने उभ्या संसारात त्याचा एक फिक्का धागा गोड मानून घेतला नव्हता, तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंड अगदी लहान पोरासारखं झालं होतं.

“तुमचेच होते,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणाच्यानं होईन एवढा लाल?”